कमान, पाटा आणि आटे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शनिवार-रविवारी सकाळी पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्यापाशी किंवा कापूरहोळला थोडा वेळ थांबलात, तर पुण्याकडून आलेल्या काही छोट्या मोटारी मुख्य रस्ता सोडून आत वळताना दिसतील. चेलाडीहून वळलेल्या गाड्या नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जातात. कापूरहोळहून वळलेल्या भोरकडे आणि पुढे वरंधा घाटाकडे. नीट पाहिले, तर त्यांतल्या एखाद-दुसऱ्या गाडीची बैठक वेगळी असते. चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटे जातील एवढी फट. वळणावर ही गाडी इतर गाड्यांसारखी कलत नाही. गतिरोधक आला, की मात्र तिचा मालक वेग अगदी कमी करतो, गाडी तिरकी घेतो आणि एकेक चाक जपून चढवतो.

अशा गाडीचे कारखान्यातून आलेले सस्पेन्शन काढून, त्या जागी बाहेरून विकत घेतलेले, कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन बसवलेले असते. शौकीन मंडळी त्याला 'कॉइलओव्हर' म्हणतात. शॉकॲब्झॉर्बरच्या, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतल्या शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक कडी फिरते आणि कडीवर स्प्रिंग टेकते. कडी खाली उतरवली, की गाडी खाली बसते. वर चढवली, की गाडी उचलते. शिवाय टोकाला एक छोटी खुंटी असते. ती 'टक टक' करत फिरवली, की गाडीचे हेलकावे लवकर थांबतात किंवा सैल सुटतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हा खर्च पटत नाही. 'कंपनीने काय विचार न करताच गाडी बनवली?' असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे, तर या नव्या शौकाच्या बरेच मागे जावे लागते. कारण गाडीची बैठक आपल्या हाताने बदलणे ही गोष्ट नवी नाही. याच मुलखात, याच रस्त्यांवर, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

उलाळ गाडी

भोर आणि वेल्हे म्हणजे राजगड-तोरण्याचा मुलूख. वेल्हे तालुक्याचे नावही आता राजगड तालुका असे झाले आहे. भोर हे पंतसचिवांचे संस्थान; ते 1948 साली भारतात विलीन झाले. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कोकण. मढे घाट, उपांड्या घाट, शेवत्या घाट अशा वाटांनी माणसे आणि जनावरे वर-खाली करत. तिथे चाक चालणे शक्यच नव्हते. माल बैलांच्या पाठीवरून जाई. दोन बाजूंच्या दोन गोणी एकमेकींना तोलून बसल्या पाहिजेत, हा तिथला पहिला नियम. एक बाजू जड झाली, की बैलाची पाठ सोलवटे आणि उतारावर पाय घसरे. भार कुठे आणि कसा बसवायचा, हा विचार चाकाच्याही आधीचा आहे.

(जाता जाता एक खुलासा. 'भोर घाट' या नावाने इतिहासात जो रस्ता येतो, 1830 साली सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाड्यांसाठी खुला झालेला, तो खंडाळ्याचा बोरघाट. आपल्या भोर गावाशी त्याचा संबंध नाही.)

देशावरच्या सपाटीला चाक होते, पण ते कसे होते? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दख्खनच्या गाड्या भरीव चाकांच्या, अतिशय अवजड असत आणि त्या ओढायला अनेक बैल लागत. 1830 च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने हलकी, सुधारित गाडी तयार केली आणि सोलापूरकडच्या टेंभुर्णीला अशा गाड्या बनवण्याची सोय झाली. दोन बैलांनी ओढायची, आऱ्यांच्या चाकांची आणि लोखंडी धावेची जी बैलगाडी आपण 'पारंपरिक' समजतो, तिच्या प्रसारामागे अशा सुधारणांचा मोठा हात आहे. आहे त्या गाडीवर समाधान न मानता, रस्ता पाहून तिच्यात बदल करणे हे तेव्हापासूनचे.

पण या बैलगाडीलाही कमान नव्हती. आस थेट साटीखाली. दगडावर चाक चढले, की तो दगड बसणाऱ्याच्या मणक्याला कळे. मग धक्का कमी कशाने व्हायचा? खाली अंथरलेल्या पेंढ्याने, दोरांनी आवळलेल्या लाकडी सांध्यांच्या थोड्याशा ढिलेपणाने आणि मुख्य म्हणजे गाडीच्या संथ चालीने. याखेरीज एक युक्ती गाडीवानाच्या हातात होती, ती म्हणजे भार पुढे-मागे सरकवण्याची. मागे जास्त वजन झाले, की जू वर उचलले जाई आणि बैलांच्या गळ्याला जोत आवळे. अशा गाडीला आपल्याकडे 'उलाळ' म्हणतात. पुढे जास्त वजन झाले, तर सगळा बोजा बैलांच्या मानेवर येई. चढाला लागण्याआधी जाणता गाडीवान पोती पुढे घेई, एखाद्या माणसाला पुढे बसवी. उताराला लागताना तोच भार मागे घेई. रस्ता बदलला, की बैठक बदलायची. ही जी समज होती, ती आजच्या आट्यांच्या शॉकअपची खरी पूर्वज आहे.

कमानी आल्या

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी घोडागाड्यांना पोलादी कमानी लागू लागल्या. इंग्लंडमध्ये ओबादिया इलियट याचे नाव त्यासाठी घेतले जाते. एकमेकींवर रचलेल्या, वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. त्यांच्यावर गाडीचे खोके. आपल्याकडे टांगा आणि शिग्राम यांच्याबरोबर त्या रूढ झाल्या. शिग्रामात बसणे ही प्रतिष्ठेची खूण होती. त्यात घोड्यांइतकाच या कमानींचाही वाटा होता. टांगेवाल्याची भाषा आठवा. 'साहेब, जरा पुढे सरका, टांगा मागे ओढतोय.' उलाळ गाडीचेच हे पुढचे रूप.

या पट्ट्यांना आपल्या गॅरेजमध्ये 'पाटे' म्हणतात. पाट्यांचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडी खालीवर होते, तेव्हा हे पाटे एकमेकांवर घासतात. त्या घासण्यात हेलकाव्याचा जोर काहीसा जिरून जातो. म्हणजे पाटा हा स्प्रिंगही आहे आणि थोडासा शॉकअपही. गुंडाळलेल्या तारेच्या गोल स्प्रिंगमध्ये असे घासणे नसते. ती दाबून सोडली, की बराच वेळ नाचत राहते. म्हणूनच गोल स्प्रिंग आली, तिथे चांगल्या शॉकअपशिवाय भागेना.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे हळूहळू एस.टी. गावोगाव पोचली. भोर-वेल्ह्याच्या लोकांचा मोटारीशी पहिला परिचय बहुतेक करून या पाट्यांच्या गाडीतूनच झाला. मागच्या बाकावर बसलेल्याला प्रत्येक खड्डा वेगळा का जाणवतो? मागची चाके त्या बाकाच्या बऱ्याच पुढे असतात आणि चाकांमागे लोंबणारा भाग तरफेसारखा वरखाली होतो. त्यामुळे मागच्या बाकावर उडी मोठी बसते. जाणती माणसे पुढची जागा धरत, ती उगाच नव्हे.

त्यानंतर जीप आल्या, वडापच्या गाड्या आल्या, भाताची पोती आणि दुधाचे कॅन वाहणारे टेम्पो आले. कारखान्याने ठरवलेल्या भारापेक्षा जास्त भार रोजचाच झाला. मग मिस्त्रीकडे जाऊन एक जादा पाटा चढवायचा, ही रीत पडली. जादा पाट्याने गाडी भरल्यावर बसत नाही हे खरे. पण रिकामी परतताना तीच गाडी दगडासारखी उडते आणि ओल्या वळणावर मागचे चाक पकड सोडते. शिवाय पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाहीत. एका बाजूची सोय दुसऱ्या बाजूने वसूल होते. गाडीच्या बैठकीत केलेल्या प्रत्येक बदलाला हा हिशेब लागू आहे.

धक्का कोण खातो?

'शॉकॲब्झॉर्बर' हे नाव थोडे फसवे आहे. धक्का खाते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम स्प्रिंगला शांत करण्याचे. आजच्या शॉकअपच्या नळीत तेल असते; दांडा आत-बाहेर होताना ते तेल बारीक वाटांतून जबरदस्तीने जाते आणि हेलकाव्याच्या जोराची उष्णता होते. घाट उतरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहिला तर तो गरम लागतो, तो याचमुळे. साध्या प्रवासी गाडीचे अंग स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलावे, असा अंदाज ठेवून ती बनवतात. त्याहून फार मंद डोलली तर पोटात ढवळते, फार जलद डोलली तर हाडे खिळखिळी होतात.

गंमत अशी, की मोटारींच्या बाल्यावस्थेत शॉकअप कमी-जास्त करता येणारेच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्र्यूफो आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांच्या नावाचे शॉकअप प्रसिद्ध होते. त्यांत तेल नव्हते. चकत्या एकमेकींवर घासत. मधला नट आवळला, की गाडी कडक. सैल केला, की मऊ. मालक स्वतः पाना घेऊन ते काम करी. 1930 च्या दशकात बेंटले आणि रोल्स-रॉइसच्या काही गाड्यांत तर सुकाणूच्या मधोमध एक छोटी दांडी दिली होती. ती सरकवून चालक बसल्या जागी गाडी कडक-मऊ करी. हॉलंडची कोनी ही कंपनी शर्यतीच्या शौकिनांत अशा शॉकअपसाठी नावाजलेली. तिचा आरंभ मात्र 1857 साली घोडागाड्यांच्या सामानाने झाला होता.

मग ही सोय सामान्य मोटारीतून गेली कुठे? ती गेली मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात. लाखो गाड्या बनवायच्या, तर त्या लाखो अनोळखी माणसांना चालल्या पाहिजेत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने 1940 च्या दशकात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात गुंफणारी सुटसुटीत रचना मांडली. ती स्वस्त होती आणि जागा कमी घेई. जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर आज हीच रचना आहे. आपल्याकडे 1983 साली आलेल्या मारुती 800 ने ती घरोघर पोचवली. त्याआधी मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाट आणि पुढे पद्मिनीला पुढे गोल स्प्रिंग आणि मागे पाटे असत. शॉकअपही देशात बनू लागले होते. 1961 साली मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू झाली. या कंपनीचा कारखाना पुढे चाकणजवळही झाला. पण हे सगळे शॉकअप कारखान्यात ठरवलेल्या मापाचे. मालकाच्या हातून पाना सुटला, तो इथे.

थोडक्यात काय, तर न बदलता येणारी बैठक हीच इतिहासात मधली, थोड्या काळाची गोष्ट आहे.

चाकणची पोलो

आता तो पाना परत हातात आला कसा, ते पाहू. पुणे जिल्ह्यात चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 साली सुरू झाला आणि 2010 पासून तिथली पोलो रस्त्यावर दिसू लागली. 2013 साली तिचे 'जीटी टीएसआय' हे रूप आले: 1.2 लिटरचे टर्बो इंजिन, 105 अश्वशक्ती, सात गिअरचा स्वयंचलित खोका. 2010 पासूनच पोलोच्या एकाच प्रकारच्या गाड्यांची शर्यत, पोलो कप, भारतात भरू लागली होती. पोलोचे भारतातले उत्पादन 2022 साली थांबले. पण पुणेकर तरुणांनी जिवापाड सांभाळलेल्या पोलो आजही रस्त्यावर भरपूर आहेत. रांजणगावच्या फियाटच्या गाड्यांचेही असेच. अबार्थ पुंतो ही 2015 साली आलेली, 145 अश्वशक्तीची छोटी गाडी, थोड्याच बनल्या म्हणून आणखी हौसेची.

या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये कंपनीने काय विचार केला होता? एक, गाडीत कधी एकटा चालक बसेल, कधी पाच माणसे आणि गावाहून आणलेले तांदळाचे पोते असेल. दोन, रस्ते खराब असतील. म्हणून भारतातल्या पोलोची उंची वाढवलेली होती. पोटाखाली जमिनीपासून सुमारे 165 मिलिमीटर, म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर जागा. तीन, ती तरुणालाही आवडली पाहिजे आणि त्याच्या आजोबांनाही. सोय, भार आणि पकड या तिघांत केलेली ही तडजोड होती. वडीलधारे म्हणतात ते बरोबर आहे, कंपनीने विचार केलेलाच होता. पण तो सगळ्यांचा मिळून केलेला विचार होता. पाबे घाटात पहाटे एकट्याने गाडी चालवणाऱ्याला त्यातला दोन तृतीयांश भाग आपला वाटत नाही.

पूर्वी अशा शौकिनाला एकच मार्ग ठाऊक होता: स्प्रिंगचे वेढे कापणे. कटरने एक-दोन वेढे उडवले, की गाडी फुकटात खाली. मात्र वेढे कमी झाले, की स्प्रिंग कडक होते, तिचे कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि जुना शॉकअप त्या कडकपणाला आवर घालू शकत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबले, तर अशी स्प्रिंग जागा सोडते. याच्या उलटचा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे तुकडे अडकवून गाडी उचलणे. आट्यांचा शॉकअप या दोन्हींहून शहाणा, कारण त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना जुळवून बनवलेले असतात. जर्मनीत तर असा संच तपासणी संस्थेच्या दाखल्यासह विकला जातो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते.

पाना फिरवताना

बसवण्याचे काम दिसते तितके किचकट नाही आणि वाटते तितके सोपेही नाही. आधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवायची. पोलोसारख्या गाडीत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात. मागे दोन्ही वेगवेगळे. जुन्या खांबातली स्प्रिंग दाबलेली असते. योग्य दाबपट्टीशिवाय वरचा नट सोडला, तर ती गोळीसारखी सुटते. हे काम घराच्या पार्किंगमध्ये करून पाहण्याचे नव्हे. शेवटचे बोल्ट आवळायचे, ते गाडी चाकांवर उभी असताना. लोंबत्या अवस्थेत आवळले, तर रबराचे बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. नंतर व्हील अलाइनमेंट आलेच. उंची बदलली, की चाकांचे कोन बदलतात. ते दुरुस्त केले नाहीत, तर टायर एका कडेने झिजतात. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालली, की स्प्रिंगा बसतात. तेव्हा पुन्हा मोजायचे.

आता मुख्य प्रश्न, खाली किती? 'जितकी खाली तितकी पकड' हा सर्वांत मोठा गैरसमज. गाडी थोडी खाली आणली, की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि ती कमी कलते, हे खरे. पण मॅकफर्सनच्या रचनेत आणखी एक बिंदू असतो, ज्याभोवती गाडीचे अंग कलते. गाडी खाली आणताना हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातो. दोघांमधले अंतर वाढले, की वळणावर गाडीला कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे प्रमाणाबाहेर खाली नेलेली गाडी उलट जास्त कलू पाहते आणि मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग लागते. शिवाय चाकाला वर जायला जागाच उरत नाही. खड्डा आला, की शॉकअप टोकाच्या रबरावर आदळतो, त्या क्षणी गाडीला सस्पेन्शन उरत नाही आणि चाक उडते. वरंध्याच्या ओल्या वळणावर, एका बाजूला दरी असताना, चाक उडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आणि गतिरोधक? इथे थोडे गणित करू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटिमीटर उंच असावा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर सुमारे 2.46 मीटर. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर गाडीची चारही चाके एकाच वेळी मावतात. त्या स्थितीत चाकांच्या मध्ये उंचवटा भरतो फक्त साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. पोलो चार सेंटिमीटर खाली आणली, तरी पोटाखाली साडेबारा उरतात. चार माणसे बसून ती आणखी तीन-चार सेंटिमीटर दबली, तरी ती घासत नाही. मग गाड्या घासतात कुठे? त्या घासतात नियम न पाहता टाकलेल्या, अरुंद आणि उभ्या उंचवट्यांवर. एका रात्रीत ओतलेल्या डांबराचा तो ढीग असतो. त्यावर पुढचे चाक उतरते, तेव्हा मागचे अजून चढलेले नसते आणि अख्खा उंचवटा पोटाखाली येतो.

यात शौकिनाच्या गाडीचे नुकसान होते, ते त्याने हौसेने ओढवून घेतलेले. पण त्याच उंचवट्यावरून वेल्ह्याहून पुण्याला नेलेला रुग्ण जातो, बाळंतपणाला निघालेली बाई जाते. तिच्या गाडीला फिरणारी कडी नसते. रस्ता नीट बांधणे हे सर्वांसाठी एकाच वेळी केलेले सस्पेन्शन आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीत बदल करण्यावर मर्यादा घालते: नोंदणीपत्रातले तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे संच विकत घेण्याआधी आरटीओकडे चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर हा विषय निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था 1966 पासून आहे. तपासलेला सुटा संच आणि त्याची कागदोपत्री नोंद, अशी सोपी वाट सामान्य मालकाला मिळाली, तर वेढे कापण्याचे उद्योग आपोआप कमी होतील.

शेवटी एक गोष्ट, जी या सगळ्या इतिहासातून हाती लागते. गाडीवान प्रत्येक चढ-उताराला भार सरकवत असे. हार्टफर्डचा मालक लांबच्या प्रवासाआधी नट आवळत असे. आपल्याकडचे बहुतेक हौशी मालक मात्र कडी एकदाच फिरवतात, ती खाली. आणि पुन्हा तिला हात लावत नाहीत. दोन पावसाळे भोर-वेल्ह्याचा लाल चिखल आट्यांत बसला, की कडी गंजून जाम होते. कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन मग फक्त 'कमी' उरते. ज्याने हा खर्च केला आहे, त्याने एक वही ठेवावी: कडी किती आट्यांवर, खुंटी किती टकटकींवर, गाडीत माणसे किती, रस्ता कोणता. जूनच्या आधी आटे ब्रशने साफ करून वंगण लावावे आणि गाडी दोन सेंटिमीटर वर घ्यावी. वरंधा घाटात पावसाळ्यात दरडी येतात, वाहतुकीवर निर्बंध येतात; घाट खुला आहे की नाही हे विचारूनच निघावे. घरची चार माणसे बसणार असतील, तर आदल्या संध्याकाळी पाना काढावा.

पोती पुढे घ्यायची की मागे, हे गाडीवान चढ पाहून ठरवायचा. कडी वर की खाली, हेही रस्ता पाहूनच ठरवायचे आहे.